एका तारखेची अनेक नावं

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं, की नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदी मागे पडते आणि आठेक किलोमीटरवर जळकोट लागतं. १३ सप्टेंबर १९४८च्या सकाळी भारतीय फौज याच रस्त्याने आली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला होता. नऊच्या सुमारास चिलखती गाड्या जळकोटात होत्या, दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्यात.

आता रणगाडे काही पोलिसांकडे नसतात! तरी या मोहिमेला 'पोलीस कारवाई' म्हटलं गेलं. लष्कराच्या लेखी ती 'ऑपरेशन पोलो' होती. निजाम सरकारने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती. हा आमचा घरचा प्रश्न आहे, हे जगाला सांगायला दिल्लीला तो शब्द सोयीचा होता. पुढे तोच लोकांच्या तोंडी बसला. मराठवाड्यात जुनी माणसं जन्म आणि लग्नं 'पोलीस ॲक्शन'च्या आधीची की नंतरची, असं सांगत.

मुक्तीचा लढा खरा होता, याबद्दल वाद नको. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे कितीतरी साधी माणसं तुरुंगात गेली. रझाकारांचे अत्याचारही खरे. त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होतं. पण शासनाला गोष्ट सुटसुटीत लागते. जुलमी निजाम हरला, प्रजा सुटली. मग त्याच निजामाला १९५०मध्ये हैदराबादचा राजप्रमुख नेमलं आणि १९५६पर्यंत ते पद त्याच्याकडे राहिलं, हे १७ सप्टेंबरच्या भाषणात कुठे बसवायचं?

तारीख एकच, पण जो तो आपल्या सोयीने तिचं बारसं करतो. महाराष्ट्रात ती मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. कर्नाटकाने २०१९मध्ये त्या भागाचं नाव बदलून कल्याण कर्नाटक केलं, तसं उत्सवाचंही नाव बदललं. केंद्राने २०२२पासून हैदराबाद मुक्ती दिन साजरा करायला घेतला. त्याच वर्षी तेलंगणाच्या सरकारने राष्ट्रीय एकात्मता दिन पाळला. २०२४मध्ये तिथल्या नव्या सरकारने त्याला प्रजा पालन दिन केलं. ४८ साली घडलं ते तेच आहे, बदलली ती सरकारं.

यांतल्या कुठल्याच नावात न मावणारा एक कागद आहे. शरणागतीनंतर गावोगावी मुसलमानांच्या कत्तली झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८मध्ये ते फिरले. कारवाईत आणि तिच्यानंतर मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. म्हणजे आपलाच मुलूख. काही ठिकाणी जवानांचाही हात होता, असं त्यांनी लिहिलं. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचायला मिळू लागला, तोवर पासष्ट वर्षं उलटली होती.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना जमावापासून वाचवलं, आणि ते करताना स्वतःचे जीवही गमावले. अहवाल कपाटात गेला, त्याबरोबर हे विणकरही गेले.