स्वादुपिंडांतील द्वारपाल

पानावरून उठून माणूस हात धुतो आणि आपल्या उद्योगास लागतो. त्याच्या शरीरांत मात्र त्याच वेळीं मोठ्या जोखमीचें काम सुरू झालेलें असतें. भात, पोळी, गूळ यांची शर्करा होऊन ती रक्तांत उतरूं लागते. ती फार वाढून तशीच राहिली तर काही वर्षांत डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु निकामी होतात. फार उतरली तर घटकाभरांत माणूस बेशुद्ध पडतो. निरोगी माणसाच्या रक्तांत उपाशीपोटीं शर्करेचें प्रमाण दर १०० घनसेंटिमीटरांस सुमारें ७० ते १०० मिलिग्रॅम असतें. ह्या अरुंद वाटेवरून शर्करेस चालविणारें मुख्य द्रव्य म्हणजे इन्शुलिन.

इ. स. १८६९ मध्यें पॉल लँगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्यानें स्वादुपिंडांत पेशींचीं लहान लहान बेटें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट ह्यांनीं स्वादुपिंडाचा अर्क काढून त्यानें कुत्र्यांच्या रक्तांतील शर्करा उतरते असें दाखविलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तो अर्क एका चौदा वर्षांच्या मधुमेही मुलास टोंचण्यांत आला. इन्शुलिन हातीं लागलें. पण तें केव्हां व किती सोडावें हें त्या बेटांतील पेशींस सांगतें कोण? ह्या प्रश्नाचा उलगडा होण्यास आणखी साठ वर्षें जावीं लागलीं.

मेंदू हुकूम देत असेल असें कोणासही वाटेल. मज्जातंतूंचा त्यांत हात आहे खरा; परंतु शरीराबाहेर काढून कांचेच्या बशींत ठेविलेलें बेटसुद्धां शर्करेचा द्राव घालतांच इन्शुलिन सोडूं लागतें. म्हणजे पारख ती पेशी स्वतःच करिते. आपल्या गृहिणी शितावरून भाताची परीक्षा करितात, तीच ही रीत. रक्तांत जितकी शर्करा, त्या मानानें ती ह्या पेशींत शिरते व तेथें जळते. आणि ह्या ज्वलनांतून एटीपी नांवाचें ऊर्जाद्रव्य निर्माण होतें. किती एटीपी झालें, ह्यावरून रक्तांत किती शर्करा आहे हें पेशीस कळतें.

पुढची गंमत पेशीच्या आवरणांत आहे. तेथें पोटॅशियमच्या विद्युद्भारित कणांना बाहेर पडण्याचीं सूक्ष्म द्वारें असतात. उपवासांत त्यांतून कण बाहेर झिरपत राहतात, आणि त्यामुळें पेशीची आंतील बाजू बाहेरच्या मानानें सुमारें ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. एटीपी वाढलें कीं तें ह्या द्वारास चिकटून तें बंद करितें. एक द्वार लागलें कीं विजेचा तोल बदलतो, आणि त्या बदलासरशीं दुसरें द्वार उघडतें. हें कॅल्शियमचें. बाहेर विपुल व आंत अत्यल्प असलेलें कॅल्शियम वेगानें आंत शिरतें. इन्शुलिनच्या हजारों कुप्या पेशींत भरून ठेविलेल्या असतात. त्यांपैकीं आवरणाशीं सज्ज असलेल्या कुप्या कॅल्शियमचा स्पर्श होतांच आवरणास मिळून रक्तांत रित्या होतात. पहिला लोंढा सुमारें दहा मिनिटांत ओसरतो. मागाहून संथ धार चालू राहते. शर्करा उतरली कीं ज्वलन मंदावतें, पोटॅशियमचें द्वार पुन्हा उघडतें आणि इन्शुलिन थांबतें. शर्करेमुळें हें द्वार मिटतें, हें १९८४ सालीं फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं उंदराच्या पेशींत एकेका द्वारांतून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजून दाखविलें.

ह्या कारभारांत सल्लागारही आहेत. तीच शर्करा शिरेंतून देण्याऐवजीं तोंडानें दिली तर इन्शुलिन अधिक सुटतें. कारण आंतडें जीएलपी-१ नांवाचा निरोप्या रक्तांतून धाडतें. पण हा निरोप्या मुख्यत्वें शर्करा वाढलेली असतांच जोर करितो. उलट, संकटसमयीं सुटणारें ॲड्रेनॅलिन इन्शुलिनला आवर घालतें. कारण पळतांना किंवा लढतांना शर्करा रक्तांत असलेलीच बरी.

आतां एका औषधाची कथा. १९४२ सालीं फ्रान्समधील माँपेलिए येथें विषमज्वराच्या रोग्यांस एक नवें सल्फा औषध देण्यांत आलें, तों कित्येकांची शर्करा भयंकर उतरली. ओग्युस्त लूबातिए ह्यांनीं प्रयोगांनीं दाखविलें कीं, स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यावर ह्या औषधाचा असा परिणाम होत नाहीं. त्यांतूनच मधुमेहावरील सल्फोनिलयुरिया गोळ्या निघाल्या. त्या कशा काम करितात हें मात्र फार पुढें कळलें. पोटॅशियमचें द्वार आठ तुकड्यांचें असतें : चार मार्ग घडवितात, चार द्वारपाल असतात. गोळी ह्या द्वारपालास गांठते आणि एटीपीची वाट न पाहतां द्वार लावविते.

ह्या ज्ञानाचें खरें मोल २००४ सालीं दिसलें. कांहीं बालकांस जन्मानंतर सहा महिन्यांच्या आंतच मधुमेह होतो व जन्मभर सुई त्यांच्या कपाळीं येते. त्यांपैकीं कित्येकांच्या ह्या द्वारांतच जन्मजात दोष असतो, असें त्या वर्षीं उघडकीस आलें. एटीपी कितीही होवो, द्वार मिटत नाहीं. पेशी इन्शुलिनच्या कुप्या भरून बसलेली, पण त्या सोडण्याची आज्ञाच तिला पोंचत नाहीं. मग ती जुनीच गोळी देऊन पाहण्यांत आली. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा ४९ रोग्यांपैकीं ४४ जणांची सुई सुटली! द्वार उलट दिशेनें बिघडून कायमचें बंद राहिलें, तर अर्भकास शर्करा उतरण्याचा घातक विकार जडतो.

परंतु ह्यावरून कोणीं भलताच अर्थ काढूं नये. बालपणींच्या नेहमीच्या मधुमेहांत ह्या पेशींचाच संहार होतो. जेथें घरच उरलें नाहीं, तेथें द्वारपालास हांक मारून काय उपयोग? तेथें सुईच प्राण राखते, आणि ती आपल्या मनानें बंद करणें म्हणजे मृत्यूस बोलावणें होय. मात्र सहा महिन्यांच्या आंतील बालकास मधुमेह जडला असेल, तर त्याच्या आनुवंशिक तपासणीविषयीं वैद्यास अवश्य विचारावें. रोगाचें नांव एकच असलें तरी बिघाड कोठें आहे हें पाहिल्यावांचून उपाय ठरत नाहीं, आणि कांहीं मुलांच्या बाबतींत तेवढ्यानेंच सारें आयुष्य पालटतें.