'जात' या शब्दाचा अर्थ

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात महागाव येथे झालेले भाषण)

दिंडीला शंभर वर्षं झाली. अशा दिवशी चार गोड शब्द बोलून खाली बसता आलं असतं. पण मला एका कडू शब्दावर बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'जात'.

पेरणीच्या आधी आपण दुकानात जातो आणि विचारतो, पऱ्हाटीची जात कोणती? तुरीची कोणती? ते बरोबरच आहे. जात कळली की पीक किती दिवसांत येईल, किती पाणी मागेल, हे कळतं. पण नवा माणूस भेटला की त्यालाही आपण तेच विचारतो, "कोण्या जातीचे?" बियाण्याचा प्रश्न माणसाला लावला, तिथंच चुकलं.

शब्दाचं मूळ पाहा. संस्कृतात 'जन्' हा धातू आहे, जन्मणे या अर्थाचा. त्यातूनच जन, जन्म, जननी आणि जाति हे शब्द आले. नवजात म्हणजे नुकतंच जन्मलेलं बाळ. म्हणजे मूळ शब्दात फक्त जन्म आहे. उच्च-नीच मागाहून आलं, ते माणसानं घातलं. 'वर्ण' हा शब्द वेगळा, त्याचा साधा अर्थ रंग. इंग्रजीतला 'कास्ट' आला पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरून, म्हणजे वंश, पैदास. 1510 साली त्यांनी गोवा जिंकला आणि इथल्या जातींना आपला हा शब्द लावला.

आपल्या संतांच्या अभंगांत जातीला 'याती' म्हटलेलं आढळतं. त्यांनी ती लपवली नाही. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, असंच आपण त्यांना ओळखतो. पण चोखोबांना देवळात जाता आलं नाही. मंगळवेढ्याला कूस कोसळून त्यांचा अंत झाला आणि समाधी झाली ती महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. म्हणजे चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी!

आणि दोष फक्त देवळाचा नव्हता. इरावती कर्वे पालखीसोबत चालल्या होत्या. त्यांनी 'वाटचाल' या लेखात लिहून ठेवलं आहे, की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बाया बरोबर चालत, बरोबर गात, पण जेवायला वेगळ्या बसत. टाळाला जात नव्हती, ताटाला होती.

माउली, आता आपलं पाहू. वाटेत आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा कोणी आडनाव विचारत नाही. काल्याच्या दिवशी एकमेकांच्या तोंडात घास भरवतो. काला म्हणजेच मिसळलेलं. मग महागावला परत आल्यावर, लग्नाच्या पंगतीत, सोयरिकीच्या बैठकीत तो काला कुठं जातो?

'जात' या अक्षरांचा मराठीत आणखी एक अर्थ आहे. "कुठं चालले?" "पंढरीला जात आहे." मूळ धातू निराळा, शब्द निराळा. पण वारकऱ्याला हीच एक जात पुरे. पुढच्या शंभर वर्षांत कोणी "कोण्या जातीचे?" विचारलं, तर एवढंच उत्तर द्या, "पंढरीला जात आहे." आणि गावी परतल्यावरही ते बदलू नका.

रामकृष्ण हरि!