आवाज टिकतो कशाने?



इ. स. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद म्हैसूरच्या महाराजांचे अतिथी होते. एडिसनने १८७७ मध्ये शोधलेले फोनोग्राफ यंत्र तोवर त्या राजवाड्यात पोहोचले होते. महाराजांनी स्वामीजींचा आवाज त्यावर उतरवून घेतला. स्वामीजींच्या शिष्यांनी लिहिलेल्या चरित्रात या प्रसंगाची नोंद आहे आणि तिच्या पाठोपाठ एक विषण्ण करणारी नोंदही आहे. ते मुद्रण जपून ठेवले गेले, परंतु पुढे ते अस्पष्ट होऊन गेले.

त्या काळी ध्वनी मेणाच्या नळीवर कोरला जाई. सुई फिरली की आवाज उमटे आणि प्रत्येक फेऱ्यागणिक खाच थोडी झिजे. ऐकणे हेच पुसणे होते!

आज मात्र १८९३ च्या शिकागो येथील भाषणाचा ‘मूळ आवाज’ म्हणून एक मुद्रण भ्रमणध्वनीवरून फिरत असते. सर्वधर्मपरिषदेतील ते भाषण ध्वनिमुद्रित झाल्याचा कोणताही पुरावा नाही. असे असूनही सहस्रावधी श्रद्धाळू माणसे ते हात जोडून ऐकतात. खरा आवाज लोपला की त्याच्या आसनावर खोटा येऊन बसतो. ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा विचार केवळ तंत्रज्ञांवर का सोपवू नये, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे.

मेणाच्या नळीनंतर तबकडीचे युग आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग या तंत्रज्ञाने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव इंग्रजीतून उच्चारीत. कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोवर येथे छापल्या जात आणि तेथील कारागिरांना गायिकेची ओळख पटणे आवश्यक होते. तबकडीसाठी लागणारी लाख प्रामुख्याने भारतातील वनांतून जाई, आवाज भारताचा असे आणि वस्तू मात्र परदेशातून विकत घ्यावी लागे. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना निघाला, तेव्हा कोठे ही स्थिती पालटू लागली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग त्या मापात बसवावा लागला. बालगंधर्वांची नाट्यपदे घरोघरी पोहोचली ती याच मापात. साधन केवळ आवाज साठवीत नाही, तर त्याला आकारही देते.

१९४८ मध्ये दीर्घ वादनाची तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले. चुंबकीय फीत जर्मनीत १९३५ मध्ये प्रदर्शित झाली होती; १९६३ मध्ये फिलिप्सने तिला हातात मावणाऱ्या कॅसेटचे रूप दिले. या कॅसेटनेच अभंग, कीर्तने आणि भावगीते खेडोपाडी नेली. परंतु फितीवरील चुंबकीय लेप कालांतराने चिकट होतो, सुटू लागतो, आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते. फीत शाबूत राहिली तरी ती वाजवणारे यंत्र दुर्मीळ होत जाते. कुलूप आहे, किल्ली नाही, अशी ही अवस्था.

१९८२ मध्ये ध्वनीची संख्या झाली. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनिलहरीचे मोजमाप होते आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. दोन वाहिन्या धरता सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. तासाभराच्या गायनाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. प्रारंभीच्या महाजालाला हा भार पेलणारा नव्हता. म्हणून ‘कोडेक’ आले. ध्वनी किंवा चित्र संकेतात बांधणारी आणि पुन्हा सोडवणारी पद्धत म्हणजे कोडेक.

यांतील सर्वांत प्रसिद्ध एमपी-थ्री. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या घडणीत मोठा वाटा उचलला. मोठ्या आवाजाच्या सान्निध्यात बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, या सत्यावर ती उभी आहे. जे ऐकू येणार नाही, ते ती टाकून देते. सेकंदाला १,२८,००० बिटांच्या मापात तोच तास सुमारे ५८ मेगाबाइटांत मावतो. युक्ती अलौकिक खरी. पण टाकलेले परत मिळत नाही. अशा धारिकेवर पुन्हा तीच प्रक्रिया केली की आणखी काही गळते. चित्रफितींचेही तसेच. एकाकडून दुसऱ्याकडे आणि पुन्हा तिसऱ्याकडे जाताना चित्र धूसर होत जाते, हा अनुभव आता घरोघरी आहे.

येथे वेदपठनाच्या परंपरेकडे वळावेसे वाटते. प्राचीनांना संगणक ठाऊक होता, असा पोकळ दावा करण्याचे कारण नाही. जे खरेच होते ते पुरेसे थोर आहे. संहिता, पद आणि क्रम या पाठांवर जटा, घन आदी आठ विकृतिपाठ रचले गेले. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, अशा क्रमाने शब्द म्हटले जातात आणि साखळी पुढे सरकते. एखादा शब्द वा स्वर चुकला तर ती चूक लपत नाही. पुनरुक्ती हेच येथे संरक्षण आहे. कॉम्पॅक्ट डिस्कलाही हेच करावे लागले. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीनुसार तीवर दर २४ बाइटांमागे ८ जादा बाइट लिहिले जातात. म्हणून लहानसहान ओरखडे पडूनही गाणे अखंड ऐकू येते. तात्पर्य असे की, पाठवण्यासाठी आवाज आटवावा लागतो, पण टिकवण्यासाठी त्यात भर घालावी लागते. आजचा समाज पाठवण्यात रमला आहे आणि टिकवण्याचे विसरला आहे.

युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठनाला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले. परंतु त्याच परंपरेतील एक दुखरे सत्यही सांगितले पाहिजे. पतंजलींच्या महाभाष्यात सामवेदाच्या सहस्र शाखांचा उल्लेख येतो. आज कौथुम, राणायनीय आणि जैमिनीय या तीनच उरल्या आहेत. पद्धत निर्दोष होती. म्हणणारे कंठ उरले नाहीत. कोणतेही तंत्र समाजाच्या अनास्थेवर मात करू शकत नाही.

मग करावयाचे काय? मूळ मुद्रण कधीही एमपी-थ्रीत ठेवू नये. जगातील ध्वनिसंग्राहक सेकंदाला किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट हे प्रमाण मानतात. जागा वाचवायचीच असेल तर २००१ मध्ये आलेली फ्लॅक ही पद्धत एकही बिट न गमावता आकार बऱ्याचदा निम्म्याच्या जवळपास आणते. ती सर्वांना विनामूल्य खुली आहे आणि २०२४ मध्ये तिचे प्रमाणपत्रकही प्रसिद्ध झाले. एमपी-थ्रीचा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये संपेपर्यंत तिची किल्ली परक्या हाती होती. आपल्या ठेव्याची किल्ली आपल्याच हाती असावी, हा स्वदेशीचा विचार येथेही लागू पडतो. प्रती किमान तीन असाव्यात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात, आणि मुद्रण कोणाचे, कोठले, कोणत्या दिवशीचे, ही नोंद प्रत्येकीसोबत असावी. गौहर जान यांनी नाव उच्चारले होते, ते विसरू नये. ही नोंद नसेल तर उद्या कोणताही आवाज कोणाच्याही नावावर खपेल.

जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पोयट्वाँ यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या. ती संख्या एक लाखाच्या वर गेली. हे काम दोन व्यक्तींच्या ध्यासातून उभे राहिले. गोंधळी, वासुदेव, भारूडकार, वेदपाठशाळांतील वयोवृद्ध आचार्य, आणि घराघरांतील आजी, यांचे कंठ अजून जागे आहेत. म्हैसूरच्या राजवाड्यात यंत्र होते, इच्छा होती. टिकाऊ साधन मात्र नव्हते. आज साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती इच्छेची, आणि ती भरून काढण्यासाठी कोणत्याही यंत्राची वाट पाहावी लागत नाही.