एकाच पातेल्यातलं जेवण
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी मी या मांडवात खुर्च्या मांडायला असतो, यंदा तुम्ही मला बोलायला उभं केलंत. लंबोदरासमोर पोटाविषयी बोलणं म्हणजे धाडसच. पण विषय मीच मागून घेतला आहे. त्याला एक घरगुती कारण आहे, ते आधी सांगतो.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. थोरले बंधू आणि मी, दोघांचेही संसार इथे राजाजीनगरात एकाच घरात आणि एकाच स्वयंपाकघरावर चालले. वहिनी अंगाने स्थूल, मी काडीपहिलवान. पंगत बसली की मी म्हणायचो, "वहिनी, जरा हात आखडता घ्या!" सगळे हसायचे, वहिनीही हसायच्या. एकदाच त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या ताटात माझ्यापेक्षा दोन पोळ्या जास्त असतात. मोजा कधीतरी."

कारखान्याच्या प्रयोगशाळेत जिवाणू मोजण्यात माझी नोकरी गेली, पण पोळ्या काही मी मोजल्या नाहीत. पुढे पन्नाशीत वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा रक्तात साखर निघाली ती माझ्या. वहिनींची आजही ठीक आहे. एकाच पातेल्यातलं खाऊन असं का व्हावं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

मंडळी, आपल्या शरीरात साधारण ३० लाख कोटी पेशी आहेत, आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. त्यांचं एकूण वजन अवघं पावशेराच्या आसपास. बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात. पोळीतला स्टार्च, साखर, तेल-तूप यांचं पचन लहान आतड्यात होतं. आपल्याला पचत नाही तो चोथा खाली मोठ्या आतड्यात जातो, आणि तिथे जिवाणू तो आंबवतात, दोशाचं पीठ आंबावं तसा. त्यातून काही साधी आम्लं तयार होतात. ती आपल्या रक्तात शोषली जातात आणि त्यांतून आपल्याला ऊर्जा मिळते. म्हणजे आपण टाकाऊ समजतो त्यातूनही हे पाहुणे आपल्याला थोड्या कॅलरी मिळवून देतात. कोणाचे पाहुणे जास्त देतात, कोणाचे कमी.

याचा पहिला ठोस पुरावा मिळाला अमेरिकेत, सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर होते. २००४ साली त्यांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडले. चौदा दिवसांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीसुद्धा आधीपेक्षा कमी खाऊन! २००६ साली त्याच प्रयोगशाळेने लठ्ठ उंदरांचे जिवाणू काही निर्जंतुक उंदरांना दिले, सडपातळ उंदरांचे इतरांना. लठ्ठांचे जिवाणू मिळालेल्यांच्या अंगावर जास्त चरबी चढली.

हे झालं उंदरांचं. आपल्या माणसांचं काय? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतलं. २०१२ साली त्यांनी किडकिडीत, सर्वसाधारण, लठ्ठ आणि लठ्ठपणासाठी शस्त्रक्रिया झालेले असे भारतीयांचे चार गट तपासले. हा निबंध छापला भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने, म्हणजे आपल्याच बेंगळुरूतून. लठ्ठ गटात बॅक्टेरॉइडिस नावाचे जिवाणू जास्त सापडले, आर्किया नावाचे वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव खूप सापडले, आणि मघाशी सांगितलेली आम्लंही मळात जास्त होती. शस्त्रक्रिया झालेल्यांत ही तिन्ही प्रमाणं कमी होती.

पण इथे जरा थांबू या. प्रत्येक गटात माणसं होती फक्त पाच. जिवाणू बदलले म्हणून माणूस लठ्ठ झाला, की खाणं बदललं म्हणून जिवाणू बदलले, हे यावरून ठरत नाही. अधिक अभ्यास हवा, असं संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. शिवाय हीच आम्लं आतड्याच्या पेशींना "पोट भरलं" असा निरोप देणारी संप्रेरकं सोडायलाही लावतात. म्हणजे एकाच वस्तूने ऊर्जाही मिळते आणि भूकही आवरते. ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ माणसांचे जिवाणू स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडून पाहिले. २०१२ साली त्याचा निष्कर्ष आला. सहा आठवड्यांनी इन्शुलिनचं काम सुधारलं, पण वजन काही उतरलं नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे.

शौचे यांच्याच चमूने त्याच वर्षी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन एकत्र कुटुंबं, एका छताखाली राहणाऱ्या तीन-तीन पिढ्या. तिथेही वयाप्रमाणे जिवाणूंची घडण वेगळी निघाली. तो वाचताना मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. पातेलं एक असलं म्हणून पोटं एक होत नाहीत.

आणि माझ्यासारख्या काडीपहिलवानाला साखर का? त्याचं उत्तर पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं होतं. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! दिसायला बारीक आणि आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. याज्ञिक त्याचं मूळ आईच्या पोटातल्या पोषणात शोधतात, जिवाणूंत नव्हे. मुद्दा एवढाच की, वरून दिसणाऱ्या पोटावरून आतला हिशोब कळत नाही.

मग करायचं काय? जिवाणूंवर सगळं ढकलून जिलेब्या खायच्या, असा अर्थ कृपया काढू नका. जास्त खाल्लं तर वजन वाढतंच. वजन उतरवण्याची खात्री देणारी जिवाणूंची पुडी अजून तरी कोणाकडे नाही. पैसे जपून खर्च करा. चोथा मात्र वाढवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, ज्वारीत १० आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम ३. आपण भाकरी गावाकडे ठेवून आलो आणि इथे येऊन नुसत्या भातावर राहिलो. इथल्या माणसांचा रागी मुद्दा, पालेभाजीचं सारू, हिवाळ्यातलं अवरेकाळू आपलंसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण हळूहळू वाढवा, एकदम वाढवलंत तर पोट फुगेल. सर्दी झाली की स्वतःच दुकानातून अँटिबायोटिक आणू नका, त्याने आतली वस्ती उठते. आणि साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही बंद करू नका.

शेवटचं एक. वहिनी आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, वीस वर्षं मी तुमच्या ताटावर विनोद केले. पोळ्या माझ्याच ताटात जास्त होत्या. पंगतीत सगळ्यांच्या देखत तुम्हाला बोललो, म्हणून सगळ्यांच्या देखतच माफी मागतो.

आपल्या घरांतून अशा किती सुना, किती मुली "जरा कमी खा" हे ऐकत जेवत असतील. निदान या मांडवात तरी ते बंद करू या. आरतीनंतर प्रसाद आहे. वहिनींना मोदक वाढताना कोणी काही बोलू नये. माझ्या पानात मात्र एकच वाढा.

गणपती बाप्पा मोरया!