रोजचे अर्धे पान



व्यापारी पेठेत एक वाक्य वारंवार कानी पडते : "लग्नसराई आटोपू द्या, मग पाहू." लग्नसराईपाठोपाठ दिवाळी येते, दिवाळीनंतर वर्षाचा ताळेबंद. एखाद्या ग्रंथाचे साद्यंत अध्ययन असो वा घराण्याचा इतिहास लिहून ठेवणे असो, मोठे काम फुरसतीची वाट पाहत तिष्ठत राहते. पुष्कळदा ती फुरसत लाभते तेव्हा दृष्टी मंदावलेली असते.

या संदर्भात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे चरित्र मननीय आहे. १८८० साली जन्मलेले काणे १९११ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत. काही वर्षे त्यांनी कायद्याचे अध्यापनही केले. पोटाच्या व्रणाने त्यांना दीर्घकाळ छळले. 'हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र' हा इंग्रजी महाग्रंथ त्यांनी आरंभी योजलाही नव्हता. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनासाठी प्रस्तावना लिहू जाता सामग्री एवढी वाढली की स्वतंत्र ग्रंथच आवश्यक ठरला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने पहिला खंड १९३० मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्यास ११ वर्षे लागली! इतका काळ नवा माल न आल्यास गिऱ्हाईक दुकानाची पाटीही विसरते. पुढे १९४६ मध्ये तिसरा, १९५३ मध्ये चौथा, आणि पाचव्याचा अखेरचा भाग १९६२ मध्ये निघाला. एकूण पृष्ठे ६,५०० हून अधिक.

आता वहीखात्याच्या रीतीने हिशेब मांडावा. 'व्यवहारमयूख' १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथून १९६२ पर्यंत ३६ वर्षे. म्हणजे वर्षाला सुमारे १८० पाने, दिवसाला अवघे अर्धे पान. अर्थात त्या अर्ध्या पानामागील वाचन किती, हे त्यातील तळटीपा पाहिल्यावरच उमगते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानी येत नाही. दत्तक, वाटणी, वारसा हे धर्मशास्त्राचे विषय त्या काळी न्यायालयातही रोज चर्चिले जात. मुंबई आणि गुजरातेत 'व्यवहारमयूख' प्रमाण मानला जाई. वेगळी रूढी सिद्ध न झाल्यास जैन कुटुंबांनाही हिंदू कायदाच लागू होई. त्यामुळे काण्यांचा व्यवसाय आणि व्यासंग एकमेकांचे वैरी ठरले नाहीत. अशिलासाठी उलगडलेली पोथी ग्रंथाच्याही उपयोगी पडे.

वयाबरोबर व्याप घटला, असेही नाही. १९४७ ते १९४९ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५३ मध्ये, चौथा खंड निघाला त्याच वर्षी, राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या ८२ व्या वर्षी, अखेरचे पान छापून झाले होते.