मिठाच्या पोटात

पोलंडमध्ये क्राकोव्ह शहराजवळ व्येलिच्का इथं मिठाची जुनी खाण आहे. व्यापारी उत्पादन १९९६ साली थांबलं. आता तिथं प्रवासी उतरतात. सुरुवातीच्या सुमारे ३८० लाकडी पायऱ्यांतच गुडघे बोलू लागतात! १०१ मीटर खोलवर कामगारांनी कोरलेलं सेंट किंगाचं प्रार्थनागृह आहे, झुंबरंही मिठाची. सगळ्यांचे कॅमेरे तिथंच.

मी मात्र एका दालनातल्या पुतळ्यांपाशी रेंगाळले होते. ओले कपडे घालून, लांब काठीला मशाल बांधून सरपटत पुढं जाणारे हे कामगार. छताशी साठलेला मिथेन वायू ते जाळून टाकत, म्हणजे मागच्यांना काम करता यावं. वायू जास्त साठला असला, तर स्फोट ठरलेला. गाइडनं हे दोन वाक्यांत उरकलं आणि भिंत चाटून पाहायला सांगितलं. मी जीभ लावली. चव आपल्या घरच्याच मिठाची.