आरेखन, निर्मिती आणि जुळणी : विमानविद्येचे त्रिसूत्र

(यवतमाळ येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



यवतमाळ ते मूर्तिजापूर ही 'शकुंतला' नॅरोगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या प्रारंभी घातली गेली ती प्रामुख्याने वऱ्हाडच्या कापसासाठी. कापूस येथून गेला आणि कापड होऊन परत आला. पिकवणाऱ्याच्या पदरी कष्ट पडले. सूत, वीण आणि रंग यांची विद्या व तिचा नफा मात्र अन्यत्र राहिला. आज यवतमाळपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, नागपूरच्या मिहानमध्ये एक नवा उद्योग उभा आहे. त्याकडे पाहताना शकुंतलेचा हा धडा स्मरणात असावा.

मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्याने बोईंग ७८७ विमानाच्या तळाच्या तुळया घडवल्या. दासो-रिलायन्स प्रकल्पाची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली आणि २०१९ पासून फाल्कन २००० विमानाचा अग्रभाग तेथून फ्रान्सला जाऊ लागला. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात, संपूर्ण फाल्कन २००० नागपुरात तयार करण्याची घोषणा झाली. त्यासाठी २०२८ चे लक्ष्य ठेवले आहे. विदर्भाच्या दृष्टीने ही वाटचाल निश्चितच अभिमानास्पद आहे.

परंतु विमानाचा भाग घडवणे म्हणजे नेमके काय? येथे मोजमाप मायक्रॉनमध्ये होते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबीची पट्टी तापमान एक अंशाने वाढताच सुमारे २३ मायक्रॉनने लांबते. मोजमापाचे जगन्मान्य प्रमाण तापमान आहे २० अंश सेल्सियस. यवतमाळच्या मे महिन्यातील ४५ अंशांत तीच पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून अधिक वाढलेली असेल! एका गावी पाडलेले छिद्र आणि दुसऱ्या गावी घडवलेली खीळ एकमेकांत का बसत नाहीत, याचे उत्तर पुष्कळदा एवढ्यात असते.

म्हणूनच आरेखन, निर्मिती आणि जुळणी यांचा मेळ अनिवार्य ठरतो. आरेखनकाराने ज्या पृष्ठभागापासून अंतरे धरली, त्याच पृष्ठभागाच्या आधारे कारागिराने तो भाग यंत्रावर पकडावा, तपासनिसाने तेथूनच मोजावे आणि जुळणी करणाऱ्यानेही तोच आधार मानावा. आधार बदलला की प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी चूक साचत जाते आणि ती अखेरीस जुळणीच्या वेळी उघडी पडते.

ती उघडी पडल्यावर काय होते? बैलगाडीचा आरा बसत नसेल तर सुतार तो तासून घेतो. विमानात एखादे छिद्र किंचित मोठे करायचे तरी मूळ आरेखनाचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याची लेखी संमती घ्यावी लागते. आरेखन सातासमुद्रापार असेल तर निर्णयही तेथेच होणार, आणि त्या चुकीतून मिळणारे शहाणपणही तेथेच साठणार. खरी मेख येथे आहे. तिन्ही अंगे एकत्र असतील तर जुळणीतील अडचण आरेखनकाराच्या मेजावर परत येते आणि पुढचा भाग अधिक निर्दोष होतो.

हे या मातीतील माणसांना अपरिचित नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभारली. आरंभ परकीय विमानांच्या जुळणीने झाला. परंतु तेथेच कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले, जर्मनीत लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे होते. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात झेप घेतली. आरेखन येथले, निर्मिती येथली, जुळणीही येथलीच. अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली आणि वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या.

नाशिकजवळच्या ओझरची कथा याहून निराळी आहे. १९६४ पासून तेथे परवान्याने मिग आणि पुढे सुखोई विमाने बांधली गेली. हे काम क्षुद्र मानण्याचे कारण नाही. त्यातूनच हजारो कुशल हात घडले. परंतु मूळ आरेखन रशियाचे होते. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरच्या धावपट्टीवरून भारतीय आरेखनाचे तेजस मार्क १ए उडाले. हाताचे कौशल्य बुद्धीच्या स्वामित्वापर्यंत पोहोचण्यास सहा दशके लागली.

यवतमाळ आणि पुसद येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून, तंत्रनिकेतनांतून आणि आयटीआयमधून दरवर्षी तरुण बाहेर पडतात. त्यांनी नागपूरच्या कारखान्यात अवश्य जावे. पण लेथ अथवा सीएनसी यंत्र चालवताना, हे माप असेच का, हा प्रश्न विचारण्याची सवय सोडू नये. आयटीआयचा कारागीर आणि पदवीधर अभियंता यांनी एकाच भागाच्या चित्रावर एकत्र बसावे. मोजमापाचे शास्त्र दोघांनीही पक्के करावे. पालकांनीही मुलाच्या पहिल्या वेतनाच्या आकड्याबरोबर तो तेथे काय शिकतो आहे, याची चौकशी करावी.

शकुंतलेच्या डब्यातून कापूस गेला; मिहानच्या खोक्यांतून विमानाचे भाग जात आहेत. खोके जाण्यात वावगे काही नाही. त्याचे आरेखनही एके दिवशी विदर्भातल्या तरुणाच्या मेजावरून निघावे, ही या पिढीची जबाबदारी आहे.